बाहेरचा बाक

कुताइसीहून पहाटेची मिनीबस.
मांडीवर ओतार, ओतारच्या मांडीवर फाईल.
चार कचेऱ्या झाल्या होत्या, पाचवीने हा पत्ता दिला.

एतेरीबाईंनी फाईल उघडलीच नाही,
माझी वही मागितली.
आठ वर्षांत जमवलेली त्याची भाषा :
बू म्हणजे पाणी.
बूऽ म्हणजे नदी, किंवा आजोबा.
त्त म्हणजे दिवा मालवू नको.

त्यांनी सगळं उतरवून घेतलं. विचारलं,
नदी की आजोबा, कसं कळतं?
मान कुठे वळते, त्यावरून.

मग दार लागलं.
आत तो काहीतरी म्हणाला
आणि अर्थासाठी कोणी माझ्याकडे वळलं नाही.

बाहेर बाक होता.
हातांचं काय करावं सुचेना,
पिशवीतले दोन अक्रोड एकमेकांवर दाबून फोडले,
खाल्ले नाहीत.