हरळी, सुई, वांगं

तिचं नाव पिमचनोक.
लेकरांनी दुसऱ्याच दिवशी केलं पिंपळताई.
थायलंडची. संभाजीनगरला विद्यापीठात पाली शिकती,
आणि दर गुरुवारी एसटीनं आमच्या शाळेत येती,
लेकरांकडून मराठी शिकायला.
मी खिचडी शिजवते तिथं. बारा वर्षं झाली.

ती म्हणाली, आमच्याकडं शाळा सुरू झाली की
असाच एक गुरुवार असतो, मास्तरांचा.
तिकडंही गुरुवारच.
हार नाही, शाल नाही, नारळ नाही.
तीन गोष्टी लागतात फक्त.

पहिली हरळी.
मी पळीच खाली ठेवली.
हरळी? जिच्यापायी माझ्या सासूच्या बोटांची नखं गेली,
जी काळ्या रानात एकदा शिरली की
नांगराच्या बापाला ऐकत नाही?
तीच, ती म्हणाली. तुडवली तरी पसरती.
शिकणं तसं पसरावं.
आमच्यात शिवी आहे ती, मी म्हणाले.
तिनं शिवी वहीत लिहून घेतली.

दुसरं फूल लाल, सुईसारख्या कळ्यांचं,
डोकं तसं टोकदार व्हावं म्हणून.
गावात त्याचं एकच झाड, सरकारी दवाखान्यापुढं.
सुईचं फूल आणायला सुईच्या घरी कोण जाणार?
शेवटी चौथीतली इंदुमती गेली.
तिला आधीच टोचून झालं होतं.

तिसरं वांग्याचं.

ताटं माझ्याकडची, खिचडीची, घासून लख्ख केलेली.
लेकरं गुडघ्यांवर सरकत निघाली
ओट्यावर बसवलेल्या हत्तीअंबीरे सरांकडं.
सरांना हात कुठं ठेवावेत कळेना.
एकदा मांडीवर, एकदा खिशाच्या पेनावर.
एकच मास्तर, चार वर्ग,
टपाल तेच, जनगणना तेच, कुलूप तेच.
त्यांच्यापुढं असं कुणी वाकलेलं
मी तरी पाहिलं नव्हतं.
सर फरशीकडं बघायले.
फरशीवर मागच्या वर्षीचा खडू होता.

तेवढ्यात धुरपताबाई आली.
पदर खोचलेला, आवाज वेशीपासूनच पुढं आलेला.
"माझं वाफं कुणी लुटलं?
एका फुलाचं एक वांगं!
धरा हिशेब, मास्तर!"

सरांनी खरंच धरला.
उठले, फळ्यापाशी गेले, ताटांतली फुलं मोजली.
त्रेचाळीस.
किलोला वांगी किती बसतात, बाजारात भाव काय,
तिसरीच्या रांगेनं बोटं मोडली,
चौथीनं हातचा विसरला,
इंदुमतीचं उत्तर बरोबर आलं.
पूजा तिथंच राहिली अर्धी.

पिंपळताई घाबरून सांगायली,
आजी, हे फूल खाली बघतं,
नम्र असतं, म्हणून देतात.

धुरपताबाईनं ताटातलं एक उचललं.
जांभळं, मधे पिवळं, मान टाकलेलं.
"नम्र कशाचं?
वांगं धरायचंय त्याला.
वर बघून कसं जमंल?"

कुणी काही बोललं नाही.
चुलीवर खिचडी लागल्याचा वास आला
तरी मी उठले नाही.
पिंपळताईनं वही काढली, लिहिलं,
मग वही बाजूला ठेवली
आणि धुरपताबाईपुढं गुडघे टेकून
कपाळ पार फरशीला लावलं.
"ऊठ गं माय, ऊठ,
झाडलेलं नाही इथलं," म्हणत
म्हातारी दोन पावलं मागं सरली.
पैसे न घेताच गेली.
वाटेत परत आरडाओरडा केला,
पण बाभळीवर, शेळ्यांवर.

त्या दिवशी खिचडी करपलेली खाल्ली सगळ्यांनी.

हरळीची एक काडी हापशापाशी पडली होती.
तिला मूळ फुटलंय.
सर म्हणतात, राहू द्या.
धुरपताबाई म्हणती, आत्ताच उपटा,
नाहीतर शाळा खाईल ती.
मी रोज ताटं घासते तिथं,
आणि रोज थोडं पाणी
तिच्या अंगावर सांडतं.
चुकून.