जकात नाक्याच्या अलीकडे

तीन दिवस मी चुकीच्या खिडकीत उभी होते.
महानगरपालिका, जन्म-मृत्यू विभाग.
कागदावर सुवाच्य अक्षरात लिहून नेलं होतं :
सदाशिव बुधाजी राऊत, जन्म एकतीस साल, नागपूर.
पोरीच्या व्हॅलिडिटीला सदुसष्टच्या आधीचा पुरावा हवा,
आणि आबाजींचा जन्म कुठेच झालेला नव्हता.

चौथ्या दिवशी उरकुडे बाबूंनी चष्मा कपाळावर ढकलला.
"गाव काहून सांगता ताई? गावं फिरतात.
साल सांगा, अन् त्या साली तुमचं घर
कोणाच्या हद्दीत होतं ते पाहून या.
नागपूर तेव्हा एवढं मोठं नव्हतं जी."
आणि टेबलावर दाखवलं किती ते :
पेनस्टँडपासून पाण्याच्या गिलासापर्यंत.
आमचं घर गिलासाच्या पलीकडे,
जिथे त्यांचा डबा होता.

मौजा रोहणवाडा, मालगुजारी.
मग ग्रामपंचायत. मग सुधार प्रन्यासचा लेआउट, प्लॉट बावीस.
मग वॉर्ड, मग तोच वॉर्ड वेगळ्या आकड्याचा,
आता प्रभाग, आणि वीजबिलावर अजून चौथंच काही.
उंबरा न ओलांडता आम्ही इतकी गावं बदलली,
आणि मी शाळेत निबंध लिहिला होता :
आमचे घराणे पिढ्यान्‌पिढ्या नागपूरचे.

आबाजी सांगत, बंडीत वांगी, सांभार, पहाटेचा अंधार,
नाक्यावर कंदील घेऊन मुन्शी टोपल्या मोजायचा.
"नागपुराले चाललो" म्हणत घरून निघत.
तेव्हा मला वाटायचं, म्हातारा चुकतो बोलताना.
तो नाका आता फक्त बसचा थांबा आहे.
कंडक्टर ओरडतो, जुना नाका, जुना नाका,
उतरतात ती मोबाईलच्या दुकानात शिरतात.

तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये कोतवाल बुक निघालं,
कडा वाळवीने खाल्लेल्या, मधलं शाबूत.
बोट लावत लावत खाली आले :
बुधा वल्द झिबल, माळी, मुलगा.
नाव नाही. कोतवाल नावं लिहीत नसे,
बारसं व्हायच्या आत त्याचं काम संपलेलं असे.
हेच आमचे आबाजी. मी फोटो काढला, पोरीला पाठवला,
तिने अंगठा पाठवला.

खालच्या ओळीत, त्याच तारखेला :
बुधा वल्द झिबल, माळी, मुलगी.

मी शाई पाहिली. तीच शाई, तोच हात.
आबाजी शहाऐंशी वर्षं जगले आणि शेवटपर्यंत
"मी एकटाच होतो मायले" म्हणत गेले.
पुढची पानं चाळली, मयत रकाना चाळला,
रोहणवाड्यात ती मेली नव्हती.
लग्न होऊन गेली असेल, असं मी चहा पिताना ठरवून टाकलं.
कुठेतरी काटोलकडे तिची नातवंडं असतील.

पण बाबूंचा डबा आठवला, आणि गिलास.
परत गेले त्या पहिल्याच, चुकीच्या खिडकीत,
बत्तीस सालचं मृत्यूचं रजिस्टर मागितलं.
मेयो इस्पितळ. बुधाची मुलगी, वय सात महिने, ताप,
राहणार मौजे रोहणवाडा, म्युनिसिपालिटीबाहेर.

हद्दीबाहेर जन्मली, हद्दीत मेली,
आणि या पुस्तकाने त्या पुस्तकाला
नव्वद वर्षांत कधी विचारलं नाही.
भागरता आजी तिला पदरात घेऊन
त्याच नाक्यावरून आली असेल.
मुन्शीने कंदील वर करून पाहिलं असेल, सोडलं असेल.
लेकराला जकात नसते.
परतताना कोणी थांबवलं की नाही,
ते कुठल्याच रकान्यात नाही.

"मुलाची नक्कल पुरे, मुलीची तुमच्या कामाची नाही,"
उरकुडे बाबू म्हणाले, वाईट सुरात नाही.
मी दोन्हींचे पैसे भरले.
अर्जात नक्कल मागण्याचे कारण असा रकाना होता.
पेन धरून मी बराच वेळ बसले.
मागे रांग वाढली.
शेवटी त्यांनीच अर्ज ओढून घेतला
आणि लिहिलं : घरगुती.