जानेवारीतला खड्डा

खांब उभारला होता भूकंपासाठी.
उपग्रहाकडून सरळ आलेलं तेवढं घ्यायचं,
बर्फावर आपटून मागाहून आलेलं
चूक म्हणून गाळायचं, अशी रीत.
पुढे कुणीतरी ती चूक चाळून पाहिली
तर तिच्यात बर्फाची खोली निघाली.

हे मी तुर्दाकून म्हाताऱ्याला सांगितलं,
खांब त्याच्याच अंगणात.
तो म्हणाला, यात नवं काय?
खिंडीतून आलेल्या माणसाला मी विचारतच नाही.
घोड्याचं पोट बघतो,
कुठवर भिजलंय.

बिश्केकला परतलो.
रोज सकाळी पडद्यावर त्याचं अंगण:
एकाहत्तर सेंटीमीटर. चौऱ्याहत्तर. चौऱ्याहत्तर.
एकोणीस जानेवारीला
शून्य.

उणे बावीसमध्ये बर्फ वितळत नसतो.
अँटेना कलली असेल, केबल उंदरांनी खाल्ली असेल.
दोन दिवस वाट पाहून फोन केला.
सून बोलली, बुरुलचा.
पोरांनी अंगण खरवडलं, म्हणाली,
पार खांबाच्याही पलीकडे,
लोकरीचा तंबू ठोकायला.
दोन रात्री मामंजींना त्यात ठेवलं.
आज दुपारी नेलं.
मागे बायका हेल काढत होत्या
आणि कुणीतरी विचारत होतं
चहाचे पेले किती कमी पडतायत.

मग पुन्हा बर्फ. चार. अकरा.
एकोणतीस.

वर्षअखेरीच्या अहवालात
तो खड्डा सरासरीने बुजवा म्हणतात,
नाहीतर खाली टीप द्या.
टीप दिली आहे:
उपकरण ठीक होतं.