रहिवास

रविवार दुपार. चैतालीच्या प्रोजेक्टला उद्या शेवटची तारीख.
विषय: इंग्लंडच्या शिवारातले प्राणी आणि त्यांचा रहिवास.
कार्डशीट फरशीवर पसरलेली. तीन कोपऱ्यांवर
माझी टॉर्च, तिची कंपासपेटी, मिठाची बरणी
आणि चौथ्यावर ती स्वतः.

"पप्पा, बॅजर म्हणजे?"
मी वनरक्षक. अठरा वर्षं झाली. बॅजर पाहिलेला नाही.
पुस्तकात आहे: तोंडावर पांढरे पट्टे,
पिढ्यान्‌पिढ्यांचं एकच बीळ,
आणि वाळलं गवत छातीशी धरून तो
मागच्या मागे सरकत आत नेतो,
अंथरूण बदलायला.
"मम्मीसारखा. दिवाळीत."

हेजहॉग कुंपणात राहतो, म्हटल्यावर
तिने तारा ओढल्या, सिमेंटचा खांब उभा केला,
वर झटक्याची लाल पाटी.
मी खोडायला लावलं. घायपात काढ म्हटलं.
घायपात तिकडे नसतो, म्हणाली. खरंय.
बोरीच्या काट्यांवर तडजोड झाली.

पाणमांजर आपल्या दारणेत होतं का?
होतं म्हणतात.
पाहिलंय म्हणणारा एकच, आमचा भोये,
आणि तो त्या दिवसांत प्यायचा.

मग गव्हाच्या ताटांना धरून
चेंडूसारखं घरटं विणणारा उंदीर,
पाच रुपयांच्या नाण्याएवढा जड.
"गहू कापला की?"
पुस्तकात नव्हतं.

फोन वाजला. पळसे. ऊसतोड थांबलीय.

फडात कोयते खाली, माणसं लांब उभी.
पाचटात दोन बछडे, डोळे नुकते उघडलेले,
मांजराएवढेही नाहीत, फिस्कारत होते आमच्यावर.
सखूबाई गायकर म्हणाली, आधी मला उंदीर वाटले, साहेब.
तिचं पोर चार सऱ्यांपलीकडे
बैलगाडीच्या सावलीत, पाचटावरच झोपलेलं.
मी जाऊन उचललं ते. तिच्याकडे दिलं.
कुणी काही बोललं नाही.

अंधार पडल्यावर टोमॅटोच्या क्रेटमध्ये बछडे ठेवले,
जागा तीच, बोटभरही इकडेतिकडे नाही.
गाडी लांब, दिवे बंद, भोयेला खोकला.
पावणेबाराला ती आली.
आधी क्रेटभोवती फिरली, मग आमच्याकडे बघत बसली
किती वेळ, देव जाणे.
एकाला मानेला धरून गेली.
दुसरा एकटा ओरडत राहिला तासभर,
आणि त्या तासात उरलेला उभा ऊस
मला पहिल्यांदाच फार थोडा वाटला.
मग आली. नेला.
कुठे, ते कॅमेऱ्यात आलं नाही.

पहाटे घरी. चैताली कार्डशीटवरच झोपलेली,
गालाला हिरवा स्केचपेन.
उंदराच्या खाली उरलेल्या जागेत
नवी चौकट आखलेली, पट्टी न धरता:
प्राणी: बिबट्या.
रहिवास: ऊस. (तोडेपर्यंत.)

इंग्लंडात बिबट्या नसतो. मार्क जातील.
खोडरबर तिच्या मुठीखाली होतं,
मूठ उघडली असती तर जागी झाली असती.
मिठाची बरणी तेवढी उचलून
जागेवर ठेवली.