बेणं

विश्वंभर मातीला पाय लावत नव्हता.
फरशीवरून फरशीवर, तिथून ओट्यावर,
जेवणाच्या रांगेतसुद्धा
पोत्याचा तुकडा टाकून त्यावर उभा.
कागदात लिहून आलं होतं:
वय नऊ. दिवाळीच्या पोताऱ्याला
पांढरी माती आणायला गेलेले दोघे भाऊ.
गढीखालची कपार बसली.
एक परत.

मी वसमतच्या ह्या बालगृहात स्वयंपाकाला.
मला समजूत घालता येत नाही, भाकरी थापता येते.
पण मागं दीड गुंठा पडीक होता,
आणि रोहिणीत इस्माईलचाचानं
हळदीचं बेणं आणून टाकलं, अर्धं पोतं.
म्हणाला, पोरांच्या हाताला कायतरी द्या, बाई.

सत्यभामा रोज सकाळी उकरून बघायची
कोंब आला का.
बघून परत झाकायची.
तिला कुणी रागावलं नाही.
तिच्या घरची माणसं न सांगता गेलेली,
तिला खात्री करून घ्यायची सवय.

विशूच्या हातात मी झारी दिली.
पाणी लांबून घालता येतं.

पोळ्याच्या सुमाराला पानं त्याच्या छातीला आली.
खिडकीतून दिसलं:
आधी अंगठा, मग टाच,
मग कितीतरी वेळ नुसता उभा.
"ही काळी हाय," म्हणाला.
"काळीच हाय," मी म्हटलं.
पुढं पंधरा दिवस पुन्हा फरशीवर.

माघात पानं वाळली
तेव्हा तो दोन दिवस जेवला नाही.
हे वाळणं म्हणजे पिकणं,
हे मी त्याला कोणत्या तोंडानं सांगणार होते?

आणि काढणीच्या दिवशी
मी विसरूनच गेले होते
हळदीचा गड्डा कसा दिसतो ते.
चाचाची कुदळ उचकटली
आणि विशूच्या पुढ्यातच
ढेकळातून वर आला
मातीनं माखलेला पंजा,
बोटं अर्धी मिटलेली.

चाचाला कळलं. मला कळलं.
शेजारच्या बोअरची मोटार तेवढी चालू होती.

विशू उकिडवा बसला.
"दमानं," तो कुदळीला म्हणाला,
"लागंल त्याला."
दोन्ही हात कोपरापर्यंत घातले,
भोवतीची माती ओंजळीनं बाजूला सारली,
आणि उचलून नळाखाली नेला.
एकेक बोट धुतलं.
बोटांच्या मधलं धुतलं.
सदऱ्याला पुसलं.
नाव घेतलं नाही कुणाचं.
आम्हीही नाही.

त्या रात्री अंथरूण ओलं झालं,
नेहमीसारखंच.
मी वाळत घातलं, नेहमीसारखंच.

आठ दिवस त्याची नखं पिवळी होती.
त्याच बोटांनी भाकरी मोडायचा.

बाकीची हळद शिजली, वाळली, गेली मोंढ्यात.
त्याच्या पत्र्याच्या पेटीत, कपड्यांच्या घडीखाली
एक बेणं आहे.
मी बघितलं नाही असं दाखवते.
रोहिणी निघायला अजून अडीच महिने आहेत.