ओलीचा हिशेब

एकतीस वर्षं मी लक्ष्मी रोडच्या शाखेत रोखपाल होते.
संध्याकाळी एक रुपया जरी जुळला नाही
तरी शटर खाली यायचं नाही.
म्हणून पॅसेजच्या भिंतीवर पहिला डाग उमटला
तेव्हा मी त्याच्याभोवती पेन्सिलने रेघ ओढली
आणि शेजारी तारीख घातली, नऊ ऑक्टोबर.

दिवाळीत तो बशीएवढा होता.
संक्रांतीला पोळपाटाएवढा.
रंगाला फोड आले, खार फुटला,
बोट लावलं की भिंत पिठासारखी हातात यायची.
कपाटाच्या तळाशी यजमानांची पेन्शनची फाईल
फुगून पावासारखी झाली.
आणि मी, गुरुवारी पाणी बंद म्हणून
बुधवारीच घरातली पातेली न् पातेली भरून ठेवणारी!

वर दुनाखे राहतात.
पाणी वरून खाली येतं
हे कळायला काही बँकेची परीक्षा द्यावी लागत नाही.
मी सोसायटीला पत्र दिलं.
दुसरं दिलं ते पोच घेऊन.
तिसऱ्यात 'नुकसानभरपाई' लिहिलं, खाली रेघ मारली.
जिन्यात समोरासमोर आलो की आम्ही दोघी
विजेच्या मीटरांकडे बघायचो.

मे महिन्यात त्यांनी न्हाणीघर उकरलं.
नऊ दिवस डोक्यावर छिन्नी.
जुन्या फरशा गोणीतून खाली गेल्या,
फिकट निळ्या, प्रत्येकीवर एक बदक,
त्यांचा मुलगा रांगत असताना बसवलेल्या असणार.
एक बदक गोणीतून निसटून जिन्यात पडलं.
मी ते चपलेनं कडेला सारलं.

डाग वाढतच राहिला.
चौदा जून. दोन जुलै.
रेघेबाहेर रेघ, तिच्याबाहेर आणखी एक.

शेवटी अप्परहून नौशाद आत्तार आला.
हातोडा पिशवीतच ठेवला त्याने.
लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक भिंतीला लावलं, मुठीला कान,
डॉक्टरसारखे डोळे मिटले.
मग गच्चीवर जाऊन फक्त माझ्या लाइनीचा कॉक बंद करून आला.
वर दुनाखेबाई कपडे धूत होत्या,
त्यांचं पाणी धो धो वाहत होतं.
माझी भिंत मात्र गप्प झाली.

"काकू, इथं काय लटकवलंय?"
कॅलेंडर. आमच्याच बँकेचं, दरवर्षीचं.
खिळा घरात आलो त्याच आठवड्यातला,
मीच ठोकला होता, खलबत्त्यातल्या बत्त्यानं.

"खिळा पाइपात गेला तरी लगेच गळत नाही," तो म्हणाला,
"भोक पाडतो तोच, बुजवतोही तोच.
गंजेपर्यंत सांभाळून घेतो."

पक्कड लावली, खिळा आला.
अर्धा होता. उरलेला अर्धा
एकोणीस वर्षांत पाण्याबरोबर कुठं कुठं गेला
त्याची नोंद माझ्याकडे नाही.

मी खिळा कागदात गुंडाळून वर गेले.
दुनाखेबाईंनी तो उलटसुलट केला.
"कॅलेंडरचा?"
"हो."
नंतर बराच वेळ कुकरच्या शिट्ट्या.
"अडतीस हजार चारशे," त्या म्हणाल्या,
कुठलाही कागद न बघता.
मी चेक लिहिला. त्यांनी घेतला.
बरं वाटलं. नसता घेतला
तर माझं खातं उघडंच राहिलं असतं.
"बदकांच्या फरशा आता येत नाहीत,"
दार लावता लावता एवढंच बोलल्या.

नौशादने बाल्कनीत नवा कॉक बसवून दिलाय.
रात्री तो बंद करते, मग भिंतीला कान लावते.
चार दिवस बहिणीकडे सासवडला जायचं झालं
तरी रिक्षातून उतरून एकदा परत बघून येते.
पॅसेजला नवा रंग झाला.
कॅलेंडर आता खुर्चीवर टेकवलेलं असतं,
तारीख बघायची तर वाकावं लागतं.

जिन्यातलं ते बदक शोधलं मी.
मीटरच्या पेट्यांमागे, तुळशीच्या कुंडीखाली,
सायकली लावतात त्या कोपऱ्यात.
झाडणाऱ्या सुभद्राला विचारलं,
ती म्हणाली, कधीचं?
मी तारीख सांगितली.