डबल बेल

एरंडवण्यात, दुसऱ्या मजल्यावर
माझ्या खोलीत दहा मीटरची पट्टी आहे.
मधोमध जमिनीत बसवलेला एक काटा,
तो किलो सांगत नाही, रेटा सांगतो:
कोण जमिनीला किती ढकलतं
आणि जमीन त्याला किती परत करते.

माणसं येतात, पायजमे गुडघ्यावर दुमडतात.
खुब्यावर, गुडघ्यावर, घोट्यावर
मी चंदेरी गोळ्या चिकटवते
आणि म्हणते, चाला. नेहमीसारखं.
नेहमीसारखं कुणीच चालत नाही.
कुणी कवायतीला आल्यासारखं,
कुणी ओल्या फरशीवरून जावं तसं.
एक निवृत्त मुख्याध्यापिका तर
आधी विचारून घेतात, डावा की उजवा?
तिसऱ्या फेरीला विसरतात सगळे.
तेव्हा कुठे मी बटण दाबते.

चालणं म्हणजे पडणं,
हे अकरा वर्षं रोज बघतेय.
अंग पुढे कलंडतं,
पाय लगबगीनं त्याच्याखाली येऊन उभा राहतो.
टाच टेकते, तळवा उलगडतो,
अख्खा माणूस एका घोट्यावरून
उलट्या लंबकासारखा पलीकडे जातो,
कंबर दोन-तीन बोटं चढते, उतरते,
आणि अंगठा सगळ्यात शेवटी निघतो,
दारात चपला घालून गप्पा मारणाऱ्या पाहुण्यासारखा.
शंभरातले साठ क्षण पाय जमिनीवर, चाळीस हवेत.
दोन्ही टेकलेले, असे क्षण फारच थोडे.
वय झालं की माणूस त्यांनाच धरून बसतो.

गेनबा कामठे. पीएमटीत कंडक्टर, एकतीस वर्षं.
लकडी पुलाच्या वळणावर
दांडा न धरता सुट्टे पैसे मोजलेले पाय.
आता कंपवात.
माझ्या दाराच्या चौकटीतच पाय फरशीला चिकटले.
पुतण्या संपत दंड ओढतोय, मी म्हणतेय, चला काका.
"मी निघालोय कधीचा," ते म्हणाले,
"पायांना अजून कळवलेलं नाही."

पट्टीवर कशीबशी एक फेरी.
पावलं वीतभर, टाच टेकतच नाही,
उजवा हात शिवून टाकल्यासारखा अंगालगत.
जमिनीच्या उत्तराला दोन टेकड्या असतात, मध्ये खिंड:
इकडे हनुमान टेकडी, तिकडे वेताळ.
त्यांचा आलेख सपाट,
उन्हाळ्यातल्या मुठेसारखा.

मी पिवळ्या चिकटपट्टीचे आडवे पट्टे मारले
पाऊल-पाऊल अंतरावर.
ते पट्ट्यांकडे बघत राहिले.
मग माझ्याकडे.
"ताई, डबल द्या की.
डबल दिल्याशिवाय गाडी हलते का कुठं?"

काय करायचं मला कळेना.
पेन घेतलं आणि टेबलाच्या लोखंडी पायावर
वाजवलं. टण टण.

गुडघा उचलला गेला.
खरंच सांगते, आधी गुडघा, मग टाच,
पट्टा ओलांडून पुढच्या पट्ट्यावर टाच,
आणि पडद्यावर, लहान का होईना,
एक टेकडी.
मेंदूतली एक वाट बुजली की दुसरीकडून जाता येतं,
हे पुस्तकात वाचलं होतं मी.
ती वाट स्वारगेटवरून जाते
हे लिहिलेलं नव्हतं.

अहवालात मी एवढंच लिहिलं:
बाह्य संकेतांना प्रतिसाद चांगला.

साडेपाचला खिडकीतून दिसले.
कर्वे रस्ता, फुटपाथची कड,
पुढे झेब्राचे अर्धे पुसलेले पट्टे
आणि कुणासाठीही न थांबणाऱ्या स्कूटी.
काका गोठलेले.
मी काचेवर दोनदा टकटक केलं,
मग स्वतःलाच हसले. इथून काय ऐकू जाणार.

संपतच्या हातात हेल्मेट होतं.
काकांनी बोट वाकवून
त्यावर दोन ठोके मारले
आणि उतरले रस्त्यात,
एक पट्टा, दुसरा पट्टा,
एक रिक्षावाला ब्रेक दाबून काहीतरी बोलला
त्यालाही बहुतेक त्यांनी "पुढे सरका" म्हटलं.

पलीकडे पट्टे संपले, तिथे पुन्हा थांबले.
संपतनं आजूबाजूला बघितलं,
थोडा लाजला,
आणि हेल्मेट त्यांच्यापुढे धरलं.